जबाब वाचून दाखवला

माझ्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लिहिलेलं कसं खोडायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी खोडलेला एक शब्द शोधत मी एक अख्खा पावसाळा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर असा वणवणत होतो.

त्या वर्षी माझ्या मुलीचा सरकारी मेडिकल कॉलेजात नंबर लागला होता. आमच्या घराण्यात डॉक्टर सोडा, कंपाउंडरही कुणी झालेला नव्हता. मी अंबरनाथला आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर. बायको उल्हासनगरातून जीन्सचे गठ्ठे आणून घरी धागे कापायची. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगीत पेढे वाटून झाले, शेजारी मुलीला 'डॉक्टरीणबाई' म्हणून हाका मारायला लागले, आणि मग कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की ही ॲडमिशन तात्पुरती आहे. राखीव जागा आहे, जात पडताळणीचा दाखला मुदतीत आणा. नाही आणलात तर जागा पुढच्याला जाईल.

जातीचा दाखला आमच्याकडे होता. तो दाखला खरा आहे याचा दाखला नव्हता. पडताळणीच्या कार्यालयातल्या कारकुनाने आमचे कागद पत्ते पिसावेत तसे भराभर चाळले. माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध', माझ्या वडिलांच्या दाखल्यावरही 'बौद्ध'.

"हा धर्म झाला," तो म्हणाला. "जात कुठाय?"

"साहेब, ती सोडली."

"कधी?"

"छप्पन्न साली. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा."

"मग त्याच्या आधीचा कागद आणा. पन्नासच्याही आधीचा. वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा, कुणाचाही चालेल. त्यावर 'महार' लिहिलेलं पाहिजे."

बाहेर बाकावर मुलगी बसली होती. मी म्हणालो, "एक कागद कमी आहे, आणू." ती "बरं पप्पा" म्हणाली. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती पोरगी मान वर न करता अभ्यास करत होती. तिला मी काय सांगणार की तुझं सगळं आता एका मेलेल्या माणसावर अवलंबून आहे, ज्याचं नाव सोडून मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही?

घरात जुना कागद असण्याचा प्रश्नच नव्हता. वडिलांची एक पत्र्याची पेटी होती. दोन वर्षांपूर्वीच्या महापुरात उल्हास नदी आमच्या तळमजल्याच्या घरात पंख्यापर्यंत आली होती. त्यानंतर आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने गेलो, पण पेटीतल्या कागदांचा तोवर चिखल झाला होता. बायकोने तो चिखल खरवडून काढून पेटी धुतली आणि तिच्यात तांदूळ भरले.

तर पहिलं काम म्हणजे वंशावळ. स्टॅम्पपेपरवर ती टाइप करून द्यायची असते. मी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका सिंधी टायपिस्टकडे गेलो. बायको जिथून गठ्ठे आणायची त्या दुकानाला लागूनच त्याची टपरी होती. त्याने कागद चढवला.

"बोलो साईं, सबसे ऊपर कौन?"

मी पणजोबांचं नाव सांगितलं.

"उनके ऊपर?"

"माहीत नाही."

"चलो. उनकी औलाद?"

"एक मुलगा. माझे आजोबा."

त्याने बोटं थांबवली. "एकच? उस जमाने में? भाऊ, नीट आठव. एखादा राहिला तर नंतर लफडा होतो."

"एकच," मी ठासून सांगितलं. माणसाला जे माहीत नसतं तेच तो ठासून सांगतो.

टायपिंग झाल्यावर त्याने गल्ल्यातून प्लास्टिकमध्ये मढवलेलं एक कार्ड काढून दाखवलं. त्याचे वडील फाळणीनंतर इथल्या छावणीत आले तेव्हाचं. बॅरॅकचा नंबर, खोलीचा नंबर, घरात माणसं किती, सगळं त्यावर होतं. "हमारा पूरा मुलूख उधर रह गया, तरी कागद आहे बघ. तुझा गाव तर नदीच्या पलीकडे, इथेच. आणि कागद नाय?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तरी माझं डोकं सणकलं. "आम्हाला कुणी कार्ड दिलं नाही, साईं," मी म्हणालो. "आम्हाला सगळे तोंडावरूनच ओळखायचे." तो जरा ओशाळला आणि त्याने चहा सांगितला.

आमचं गाव बदलापूरच्या पुढे, नदीच्या पलीकडे. वडील स्वातंत्र्याच्या आसपास तिथल्याच शाळेत गेले होते. म्हणजे पन्नासच्या आधी. शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे जात असणारच, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी कंपनीत रबरी हातमोजे मोजत होतो. ते तसेच टाकून अर्धी सुट्टी काढली आणि निघालो. रिक्षात मी स्वतःशीच हसत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. लाल कापडात बांधलेलं रजिस्टर त्यांनी स्वतः काढून दिलं. पान सापडलं. वडिलांचं नाव सापडलं. आणि त्यापुढे जातीच्या रकान्यात शाईची एक काळी वीट होती.

वीटच. एक-दोन रेघा नव्हेत, ठासून भरलेला चौकोन. त्याच्या वरच्या बाजूला बारीक, सुबक अक्षरात 'बौद्ध', आणि बाजूला मास्तरांची छोटी सही. मी खालचं नाव पाहिलं, त्यापुढेही तसाच चौकोन. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. महारवाड्यातल्या एकूण एका पोराच्या नावापुढे काळी वीट.

"हे तुमच्या आजोबांचंच काम," बाई म्हणाल्या. "गावात अजून सांगतात. दीक्षेनंतर सगळी वस्ती घेऊन ते शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. आमच्या पोरांपुढचा तो शब्द काढा म्हणाले. मास्तरांनी एक रेघ मारली. आजोबा वाकून बघत म्हणाले, दिसतोय अजून. मास्तरांनी दुसरी मारली. तरी म्हणाले, दिसतोय. दौत संपेस्तोवर बसले होते म्हणे."

"त्यांना वाचता येत नव्हतं," मी म्हणालो.

"तेवढा एक शब्द येत असणार," बाई म्हणाल्या.

मी ते पान खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. काही दिसलं नाही. शाईने कागद मागच्या बाजूलाही काळा केला होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला आजोबांचा अभिमान बिभिमान काही वाटला नाही. मला त्यांचा इतका राग आला की ते समोर असते तर मी त्यांना हाताला धरून हलवलं असतं. एक रेघ पुरेशी नव्हती का? तुमच्या पणतीसाठी एक काना तरी ठेवायचा होता!

रजिस्टरची नक्कल घेऊन मी पडताळणीच्या कार्यालयात गेलो. कारकुनाने ती नाकासमोर धरली.

"खाडाखोड आहे. चालणार नाही."

"साहेब, ही खाडाखोड नाही. हे आजोबांनी मुद्दाम करून घेतलंय."

"मी तरी वेगळं काय म्हणतोय?"

त्यानंतर मी माणसात राहिलो नाही. कंपनीत चुका व्हायला लागल्या. बायकोवर खेकसायला लागलो. मुलगी मेडिकलची पुस्तकं कुणाकडून तरी मागून आणून वाचत बसायची. तिला वाचताना पाहिलं की मी जिन्यात जाऊन उभा राहायचो, आणि ती वाचत नसली की घराबाहेरच पडायचो. एकदा जेवताना ती म्हणाली, "पप्पा, नाही झालं तर बीएस्सी करीन." मी ताट सरकवून उठलो. तिने आशा सोडायची तयारी माझ्या आधी केली होती, हे मला सहन झालं नाही.

कुणीतरी सांगितलं की तहसील कचेरीत गावोगावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. कोतवाल घरोघर विचारून सांगायचा आणि त्या मोडीत लिहिल्या जायच्या. मी अर्ज केला, खेटे घातले, शेवटी आमच्या गावची एक वही पुढ्यात आली. वही म्हणजे नुसता पापुद्रा. हात लावला की कडा भुगा होऊन बोटांना लागायच्या. मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ मी सोबत नेले होते. ते भिंग धरून एकेक ओळ उतरत गेले आणि एकदम थांबले.

"पणजोबांचं नाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"आहे."

मी वहीवर वाकलो. "काय आहे?"

"मयत मुलगी, वय वर्षे दोन. बापाचं नाव हेच. खालच्या ओळीत मयत मुलगा, वय पाच. बाप तोच. दोघांचं कारण ताप. मधे फक्त चार दिवस गेलेत."

"जात?" मी विचारलं.

एका बापाची दोन मेलेली पोरं समोर होती. त्यांची दखल घ्यायच्या आधी मी विचारलं ते हे. गृहस्थांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंग सरकवलं.

"सदर."

"म्हणजे?"

"वरीलप्रमाणे. महारवाड्यातल्या नोंदी एकाखाली एक केलेल्या दिसतात. पहिल्या ओळीत जात लिहायची, मग खाली सदर, सदर, सदर."

"मग पहिल्या ओळीत काय आहे?"

पहिली ओळ नव्हती. पानाचा वरचा भाग वाळवीने खाल्ला होता, अगदी कात्री लावल्यासारखा. खाली पानभर सदर आणि वर हवा. मी त्याचीही नक्कल घेतली. कारकून म्हणाला, "कशाप्रमाणे सदर?" मी नक्कल घडी करून पिशवीत घातली. आजोबांच्या हातून सुटलेला कागद वाळवीने गाठला होता, आणि यात कुणाला शिव्या घालाव्यात हे मला कळेना.

कागदोपत्री पुरावा अपुरा म्हणून आमचं प्रकरण गृहचौकशीला गेलं. म्हणजे अधिकारी घरी येणार, कुटुंबातल्या जुन्या जाणत्या माणसाला विचारणार. पूर्वी कोणते देव होते, काय काम करत होता, कसे राहत होता. त्यावर त्याचा अहवाल जाणार, आणि त्या अहवालावर सगळं ठरणार. मुदत तोंडावर आली होती. आमच्याकडे जाणतं माणूस एकच उरलं होतं, माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण, सत्तरीची, अंबरनाथला रेल्वे लाइनपलीकडच्या चाळीत मुलाकडे राहणारी. आजोबांनी तिला शिकवलं नव्हतं. त्यांना अक्कल आली तोवर तिचं लग्न होऊन गेलं होतं, असं ती स्वतःच हसून सांगायची.

मी तिच्याकडे गेलो आणि आधी त्या वहीतलं सांगितलं. तुझ्या आजाला आणखी दोन पोरं होती, आत्या. तापाने गेली.

ती लसूण सोलत होती. हात थांबले.

"दोन व्हती?"

"दोन. मुलगी दोन वर्षांची, मुलगा पाच."

तिने हातातली पाकळी ताटलीत टाकली. मग म्हणाली, "तरीच. आजा रोज टोपल्यातल्या दोन चतकोर चिंचंखाली ठेवायचा. सांजच्याला परत येताना. मी म्हनायची, आजा, कावळं खातील. तो म्हनायचा, खाऊ दे गं."

"टोपलं कसलं?"

ती एकदम सावध झाली. "कसलं नाय."

"आत्या, कसलं टोपलं?"

मी तिला सोडलं नाही. हळूहळू, लसणाच्या पाकळ्यांकडे बघत, तिने सांगितलं. पणजोबा गावचे येसकर. वेशीवर राबायचं, निरोप पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, आणि सांजेला घुंगरांची काठी घेऊन घरोघर भाकरी मागायच्या. आत्या सात-आठ वर्षांची, टोपलं तिच्या डोक्यावर. प्रत्येक दारापुढे लांब उभं राहून हाळी द्यायची. पणजोबांचा आवाज पुढे पुढे बसायला लागला, तेव्हा ती हाळी आत्याच द्यायची.

"कशी?" मी विचारलं.

"नाय सांगनार."

"का?"

मग तिने नदीचं सांगितलं. दीक्षा घेऊन आल्यावर आजोबांनी घरातले देवाचे टाक, मरीआईचा दगड आणि ती घुंगरांची काठी सुपात भरली आणि वस्ती घेऊन नदीवर गेले. सगळं पाण्यात सोडलं. आत्या तेव्हा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. आजोबांनी प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी दिलं आणि शपथ घातली. आपण जे तोंडाने म्हणत होतो ते इथून पुढे कुठल्याही पोराच्या कानावर पडता कामा नये. आम्ही ऐकलं तेवढं बास झालं.

"सगळ्यांत आधी माज्याकडं बघितलं बानं," आत्या म्हणाली. "मीच वरडायची ना दारोदार."

माझे वडील जन्मभर ते आमच्यापासून लपवत राहिले की त्यांनाही ते कधी ऐकू आलं नव्हतं, देव जाणे. आजोबांची शपथ किती पक्की निघाली बघा. त्यांच्या नातवाला, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला, आपल्या घरातली एक हाळी माहीत नव्हती. आणि आता तीच हाळी मला सरकारला ऐकवायची होती.

"आत्या, साहेबाला सांगशील? एकदाच. नाहीतर पोरीची सीट जाईल."

"बा असता तर म्हनला असता, जाऊ दे."

"नसता म्हणाला!" मी इतक्या जोराने ओरडलो की शेजारची बाई दारात आली. "कशासाठी केलं त्याने सगळं? पोरं शिकावीत म्हणूनच ना? त्याच्याच पायी अडलोय मी! त्याने एवढी शाई ओतली नसती तर तुझ्या दारात आलो असतो का?"

आत्या पुन्हा लसूण सोलायला लागली. मी चप्पल घालून निघून आलो.

चौकशीच्या आदल्या दिवशी ती आपणहून हेंद्रेपाड्याला आली. एका पिशवीत स्वच्छ पातळ होतं. तिसऱ्या मजल्यावर चढून धापा टाकत ती पाण्याचा तांब्या न घेता म्हणाली, "सांगन मी. पन पोरगी घरात नको. येवढं मला दे."

"दिलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलीला तिच्या मैत्रिणीकडे पाठवलं. अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता. बूट चिखलाने भरले होते, ते बाहेर काढून आत आले, पाणी प्यायले, उशीर झाला म्हणून माफी मागितली. फाइल उघडली आणि विचारलं, "अर्जदार कुठाय?"

"मैत्रिणीकडे गेलीय. अभ्यासाला."

"बोलवा. जबाब अर्जदारासमोर घेतो मी. तिची सही लागते."

"साहेब, तिची सही नंतर घेतली तर? मी उद्या ऑफिसात आणून..."

"मग अर्जदार गैरहजर असं लिहितो आणि निघतो. पुढची तारीख मिळेल तेव्हा मिळेल."

पुढची तारीख मुदतीनंतरची असणार होती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी आत्याकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे पाहत होती. मी मोबाइल काढून मुलीला फोन केला. ती धावत आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसली, आईजवळ.

आधी मला विचारलं. चार जणांकडून ऐकलेलं मी धडाधड सांगितलं, मरीआई, म्हसोबा, काय काय. अधिकाऱ्यांनी लिहिता लिहिता सुस्कारा सोडला. "सगळे हेच सांगतात हो. पाठ केल्यासारखं. आजी, तुम्हाला काय आठवतं?"

आत्या उठली. दारातून बाहेर गेली आणि उंबऱ्यापलीकडे, जिथे आमच्या चपला आणि साहेबांचे बूट पडले होते, तिथे जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून पुढे ओढला. कमरेत वाकली. आणि एका लहान पोरीच्या चिरक्या, लांबवलेल्या आवाजात तिने हाळी दिली.

"जोहार, मायबाप! येसकर आलाय गो माय! शिळं-पाकं, उरलं-सुरलं वाढा गो माय! लांब उभी हाय, सावली नाय पाडत गो माय!"

जिन्यात तो आवाज घुमला. समोरच्या घराचं दार उघडलं आणि लगेच बंद झालं. माझ्या बायकोने पदर तोंडात घेतला. अधिकाऱ्यांचं पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं. मुलीकडे मी पाहिलं नाही. माझी छाती झाली नाही.

आत्या आत येऊन आपल्या जागी बसली. मग अधिकाऱ्यांनी घसा साफ केला आणि खाली मान घालून म्हणाले, "आजी, परत एकदा म्हणा. हळू. लिहून घ्यायचं राहिलं."

ती परत एकदा म्हणाली. बसल्या जागी, एकेक शब्द सुटा करून, मधे थांबत, त्यांचं लिहून होईतो वाट बघत.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. दाखला मिळाला, मुदत संपायच्या आत मिळाला. त्यावर तो शब्द ठसठशीत छापलेला आहे, कुठेही खाडाखोड नाही. मुलगी डॉक्टर झाली. आत्याने माझ्याशी बोलणं सोडलं नाही, मी पेढे घेऊन अंबरनाथला गेलो तेव्हा तिने अर्धा पेढा खाल्लासुद्धा, पण ती वारली तोवर हेंद्रेपाड्याच्या घरात तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. आणि तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करीन. हे मी मिजाशीने सांगत नाही. दुसरा रस्ता मला तेव्हाही दिसला नव्हता, अजूनही दिसत नाही.

पण ती दुपार तिथे संपली नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याचा जबाब त्याला वाचून दाखवावा लागतो. जबाबाच्या शेवटी तसं लिहायचंच असतं: 'माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' अधिकाऱ्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि मुलीकडे पाहून ओळखीचं हसले. "माझं अक्षर मलाच लागत नाही, बाळ. तुलाही सही करायचीय, तेव्हा तूच वाच आजींना. मोठ्याने वाच, त्यांना नीट ऐकू येऊ दे."

मी "साहेब" म्हणालो, पण तोवर त्यांनी कागद तिच्यापुढे धरला होता. मुलगी स्टुलावरून उठून आली. तिने कागद घेतला. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली पोरगी ती, वाणी स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. तिने आत्याचं वय वाचलं, राहण्याचं ठिकाण वाचलं, माझे आजोबा गावचे येसकर होते असं वाचलं. मग ती क्षणभर थांबली. तिने आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. माझी पोरगी काम अर्धं सोडणारी नाही. "जोहार, मायबाप," तिने वाचलं, मोठ्याने, सांगितल्याप्रमाणे. "येसकर आलाय गो माय. शिळं-पाकं, उरलं-सुरलं वाढा गो माय."

आत्याने दोन्ही हात उचलले आणि स्वतःचे कान घट्ट झाकून घेतले.

वाचून झालं. मुलीने सही केली. अधिकाऱ्यांनी शाईचा पॅड आत्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "आजी, अंगठा." तिला ऐकू गेलं नाही. ते पुन्हा म्हणाले. ती डोळे मिटून तशीच बसली होती. शेवटी मी उठलो, तिचा हात तिच्या कानावरून ओढून काढला, आणि अंगठा शाईत दाबला.